रसाची भूक

पहाटेचे साडेतीन वाजले असतील. हीट, म्हणजे एका खेपेचं पोलाद, ओतून झाली होती, पोलादाने भरलेलं लेडल, म्हणजे मोठी बादली, गाडीवरून पुढे गेलं होतं आणि कन्व्हर्टर, म्हणजे पोलाद करायचं आमचं भांडं, उरलेली मळी ओतायला दुसऱ्या अंगावर कलत होता. ही वेळ मला आवडते. ऑक्सिजनचा कानठळ्या बसवणारा आवाज थांबलेला असतो आणि भांड्याच्या तोंडातून आतलं अस्तर नुसतं प्रकाशत असतं. ज्वाळा नाहीत, हालचाल नाही, फक्त उजेड. सवयीने मी निळ्या काचेतून आत डोकावलो. शेजारी सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला ट्रेनी उभा होता. पहिल्यांदा त्यालाच दिसलं. "सर, तळाला तो डाग कसला?" डाग होता खरा. गोलसर उंचवटा, भोवतालच्या उजेडाहून किंचित मंद, पिवळसर. काळा नव्हता तो. एकटाच बाहेर काढून ठेवला असता तर नुसत्या डोळ्यांनी बघवला नसता, पण शेजारचं अस्तर त्याच्याहून तापलेलं, म्हणून हा डाग. सूर्यावरच्या डागांचं असंच असतं म्हणतात. १५० टन रसात, म्हणजे वितळलेल्या लोखंडात, २० मिनिटं उकळूनही भंगाराचा एक तुकडा शिल्लक राहिला होता.

"वितळायचं राहिलं, सर, की विरघळायचं?" त्याने विचारलं.

"राहिलं ना? मग झालं," मी म्हणालो.

उत्तर तुसडं होतं हे बोलतानाच कळलं. पोराचा प्रश्न चांगला होता. त्या पाळीत कुणी विचारलेला सगळ्यात चांगला. पण तो तुकडा कुठून आला हे मला ठाऊक होतं. लेडलच्या तळाशी थिजून राहिलेल्या पोलादाचा गोळा, ज्याला आमच्याकडे स्कल म्हणतात, तो कापून लहान करून मग भंगाराच्या पेटीत टाकायचा असतो. त्या रात्री कापणारा एकच माणूस होता, गॅस संपत आला होता, आणि हलकं भंगारही यार्डात कमी होतं. अर्धा मीटर जाडीचा तो गोळा तसाच पेटीत गेला. पेटीच्या चिठ्ठीवर सही माझी होती. सही करताना मनात एकदा आलंही होतं की हा जरा जाड आहे. मग दुसरं काहीतरी आलं आणि मी पुढे निघालो.

त्या प्रश्नाने मला पार माझ्या पहिल्या नोकरीत नेऊन सोडलं. ती एक छोटी ओतशाळा होती. शिक्षण नुकतंच संपलेलं, खिशात डायरी, डायरीत तक्ते. भट्टीवर एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना काका म्हणत. एके दिवशी भट्टीत बिडाचा रस १३५० अंशांवर होता आणि ते मऊ पोलादाच्या सळईने मळी बाजूला सारत होते. मी म्हणालो, "काका, सळईची काळजी नको. साधं पोलाद १५०० अंशांच्या वर वितळतं. हा रस तर दीडशे अंशांनी थंड आहे." काकांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, हे विशेष. कोपऱ्यातली एक बोटभर जाडीची नवी सळई उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धर साहेब. बुडव. मी सांगेन तेव्हा काढ."

हातमोज्यातूनही धग लागत होती. दहा आकडे मोजून काढायला लावली, तर सळई जाड झालेली! टोकाला बिडाचं जाडंभरडं कवच चढलं होतं, मेणबत्ती मेणात बुडवून काढल्यासारखं. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. "परत," ते म्हणाले. थोड्या वेळाने काढली तर कवच गायब, सळई होती तेवढी, पांढरीफेक. "परत." या वेळी त्यांनी बराच वेळ थांबवलं, दोनएक मिनिटं तरी असेल. काढली तेव्हा टोक पेन्सिलीसारखं निमुळतं झालं होतं. मऊ पडून वाकलेलं नाही, थेंब होऊन गळलेलं नाही. कुणीतरी चाटून चाटून बारीक करावं तसं, गुळगुळीत. मी म्हणालो, "वितळली." काका म्हणाले, "वितळली नाही. रसाने खाल्ली."

त्या रात्री मी डायरीत तक्ते परत परत पाहिले. चूक तक्त्यात नव्हती. मी फक्त निम्मं वाचलं होतं.

शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. त्यात कार्बन मिसळत गेला की हा आकडा घसरत जातो, तो ४.३ टक्के कार्बनला थेट ११५० च्या आसपास येतो. म्हणून तर झोतभट्टीतून येणारा रस, ज्यात कोकमधून आलेला चारेक टक्के कार्बन असतो, १३०० अंशांनाही पाण्यासारखा वाहतो. आता या रसात साधं पोलाद टाकलं. त्याच्या अंगात कार्बन जवळजवळ नाही, शेजारी मात्र कार्बनची लयलूट. तेव्हा रसातला कार्बन पोलादाच्या कातडीत शिरू लागतो. १३५० अंशांना पोलादात साधारण १ टक्का कार्बन मुरला की ते घट्ट राहू शकत नाही. त्याची कातडी सुटते आणि रसात जाते. मग खालची कोरी कातडी उघडी पडते, तिच्यात कार्बन शिरतो, तीही सुटते. एवढा सगळा खेळ मिलिमीटरहून कमी जाडीच्या थरात चालतो आणि तो थर आत आत सरकत जातो. गाभ्याला अखेरपर्यंत काही पत्ता नसतो. तो तापलेला असतो, पण असतो घट्ट.

समजावताना आम्ही साखर-पाण्याचा दाखला देतो. साखर वितळायला मोठी आच लागते, पण गार पाण्यात ती मुकाट विरघळते. दाखला वाईट नाही, पण तो अर्ध्या वाटेवर सोडून देतो. साखर पाण्यात जाते. इथे आधी पाणी साखरेत शिरतं. बर्फावर मीठ टाकल्यावर जे होतं, ते याच्या जास्त जवळचं: बर्फाला ऊब कुणी दिलेली नसते, त्याची वितळायची अटच खाली ओढलेली असते. तरी यातला कुठलाच दाखला काकांच्या 'खाल्ली'ची बरोबरी करत नाही. कारण खाणाऱ्याला भूक असावी लागते, आणि ही भूक म्हणजे रसात असलेला कार्बन आणि कातडीशेजारच्या द्रवात असलेला कार्बन यांच्यातला फरक. रस निवांत पडून असेल तर कातडीला लागून एक सुस्तावलेला थर साचतो आणि खाणं मंदावतं. ढवळला की परत जोरात. काकांना यातलं काहीही शब्दांत सांगता आलं नसतं, पण हट्टी तुकडा दिसला की ते भट्टीची पॉवर एकदम वाढवून रस घुसळायला लावत, हे मी पुढे कितीतरी वेळा पाहिलं.

ती निमुळती सळई मी घेऊन आलो होतो. पुढे एका ओळखीच्या प्रयोगशाळेत तिचा उभा छेद घेतला, आरशासारखा घासला, नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमधल्या पातळ नायट्रिक आम्लात, क्षणभर बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाहेरून आत यायला लागलो. सगळ्यात बाहेर, काढताना चिकटलेल्या बिडाची पांढरी, ठिसूळ किनार. तिला लागून सिमेंटाइटची, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कडक संयुगाची, बारीक जाळी, दाण्यांच्या कडाकडांनी धावणारी, तळ्याच्या सुकलेल्या चिखलावरच्या भेगांसारखी. मग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक मारणारा पर्लाइट, सिमेंटाइट आणि जवळजवळ कार्बनविरहित लोखंड यांचे एकाआड एक पातळ थर. त्याला नाव त्या मोत्याच्या झाकेवरूनच मिळालं. मग पर्लाइट विरळ होत जातो, आणि आत नुसते फेराइटचे, म्हणजे त्या कार्बनविरहित लोखंडाचे, पांढरे, निर्विकार दाणे. हे सगळं केसाएवढ्या अंतरात. पाठ्यपुस्तकात दोन पानांवर पसरलेला लोह-कार्बन आलेख या एका काठावर ओळीने उभा होता. मी बराच वेळ भिंग मागेपुढे करत बसलो. खाल्लं जाण्याच्या ऐन क्षणी पकडलेला ऐवज होता तो, त्यामुळे थोडं चोरून पाहिल्यासारखंही वाटत होतं.

या खाण्याचा माणसाने फार पूर्वीपासून उपयोग करून घेतला आहे, आणि तो मात्र उलट्या हेतूने. सहाव्या शतकात चीनमध्ये छीवू ह्वाइवन नावाच्या लोहाराने कार्बनने भरलेल्या कच्च्या लोखंडाच्या रसासोबत मऊ लोखंड काही रात्री मुरवून तलवारींचं पोलाद केल्याची नोंद आहे. इटलीतल्या वान्नोच्चो बिरिंगुच्चो याचं १५४० साली छापलेलं वर्णन आहे: घडीव लोखंडाचे गोळे बिडाच्या रसात काही तास बुडवून ठेवायचे, मग काढून ठोकायचे. यांना लोखंड विरघळवायचं नव्हतं. फक्त कार्बन आत मुरवायचा होता, कातडी सुटायच्या बेतात असताना थांबायचं होतं. तापमापक नाही, कार्बन हे नावही नाही, तरी त्यांना हे जमलं. मग १८६५ मध्ये फ्रान्समध्ये पिएर-एमिल मार्टिनने सीमेन्सच्या भट्टीत कच्च्या लोखंडाचं तळं करून त्यात भंगार सरळ विरघळवून टाकलं. भंगाराचं मोठ्या प्रमाणावर परत पोलाद व्हायला लागलं ते तिथून. त्या भट्टीला एका हीटला तासन्‌तास लागत. भंगार जाड असो, बारीक असो, रसाला खायला वेळच वेळ होता.

आम्हाला वेळ नसतो. १९५२ साली ऑस्ट्रियातल्या लिंत्समध्ये ऑक्सिजन वरून फुंकायची पद्धत कारखान्यात उतरली आणि तासांचं काम मिनिटांवर आलं. आधी पेटीतून भंगार भांड्यात पडतं. हा आवाज अंगात घुमतो. इतकी वर्षं ऐकूनही पोटात हलकं धस्स होतं. पेटी उचलताना आत काय काय दिसतं! रुळाचे तुकडे, पत्र्याचे दाबलेले गठ्ठे, कुठल्याशा यंत्राचं दात झिजलेलं चाक. एकदा सायकलची फ्रेम पाहिली होती, अगदी धडधाकट. पाणी आहे का, बर्फ आहे का, तोंड बंद असलेला सिलिंडर आहे का, हे आधी तपासायचं, कारण रसाखाली सापडलेल्या पाण्याची वाफ दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि मग रस भांड्यात राहत नाही. मग भंगारावर रस ओतायचा. लान्स, म्हणजे ऑक्सिजनची लांब नळी, खाली येतो, ध्वनीच्या दुप्पट वेगाने ऑक्सिजन सुटतो, आणि सिलिकॉन, मग कार्बन जळायला लागतो. बाहेरून एक काडीही आग द्यावी लागत नाही. उलट एवढी उष्णता होते की भंगार नसेल तर रस नको इतका तापेल. आमच्या हिशेबात भंगार म्हणजे आधी गारवा, मग लोखंड: एकूण वजनाच्या १ टक्का भंगार टाकलं की रस १५ ते २० अंशांनी उतरतो. विरघळलं म्हणून उष्णता फुकट मिळत नाही, हेही नव्या मुलांना सांगावं लागतं. अट खाली येते, पण बिल द्यावंच लागतं.

आणि इथेच ट्रेनीच्या प्रश्नाची खरी गोम आहे. फुंकणं सुरू होतं तेव्हा रसाची भूक दांडगी असते, कार्बन ४ टक्क्यांच्या वर, पण ताप कमी, १३५० च्या आगेमागे. शिवाय भंगार गार. त्यामुळे पहिल्यांदा उलटंच होतं, माझ्या सळईवर चढलं तसं रसाचं कवच प्रत्येक तुकड्यावर गोठतं. जवळजवळ पडलेले तुकडे या कवचांनी एकमेकांना डकतात आणि सगळ्यांचा मिळून एक ढेकूळ होतो. मग कवचं सुटतात, खाणं सुरू होतं, कार्बन जळताना निघणाऱ्या वायूने सगळा रस उकळत्या दुधासारखा वर येतो आणि पातळ भंगार बघता बघता संपतं. पण ऑक्सिजन तर तोच कार्बन जाळत असतो! मिनिटामिनिटाला रस तापतो आणि मिनिटामिनिटाला त्याची भूक मरते. शेवटी १६५० अंश आणि कार्बन एक दशांश टक्क्याच्याही खाली. आता उरलेल्या तुकड्याला विरघळायची सोयच नाही. त्याला आता खरोखर वितळायचं आहे, स्वतःच्या १५०० च्या वरच्या अटीवर, आणि ढवळणारी उकळीही विझत आलेली. पातळ पत्रा भूक असतानाच संपतो. मधल्या जाडीचं भंगार आधी खाल्लं जातं, मग वितळतं. अर्धा मीटर जाडीचा गोळा दोन्हींत उशिराच पडतो, कारण जाडी दुप्पट झाली की उष्णता गाभ्यात पोचायला चौपट वेळ लागतो. बोटभर सळई अर्ध्या मिनिटाच्या आत आरपार तापते. या गोळ्याचा हिशेब त्याच सूत्राने केला तर तासांत जातो. त्याची कातडी सुटत असते म्हणून तेवढं थांबावं लागत नाही, पण २० मिनिटं त्याला नक्कीच पुरत नाहीत.

तांब्याचं मात्र याच्या अगदी उलट. ते १०८५ अंशांनाच वितळतं, रसात सहज मिसळतं, आणि मग कधीच बाहेर पडत नाही. कार्बन जळतो, सिलिकॉन जळतं, जस्ताची वाफ होऊन धुरात जाते, पण तांबं आणि कथील ऑक्सिजनला दाद देत नाहीत. मोटरची वेटोळी न काढता कुणी भंगारात टाकली तर ती त्या पोलादात मुक्काम करतात. पुढे ते पोलाद तापवून लाटताना वरचं लोखंड गंजून पापुद्र्यात जातं, तांबं त्याखाली साचतं, दाण्यांच्या सांध्यांत झिरपतं आणि पृष्ठभाग तडकतो. न विरघळलेला तुकडा निदान दिसतो तरी. मला दिसणाऱ्या चुका परवडतात. अर्थात हे त्या पहाटे मला सुचलेलं नव्हतं. त्या पहाटे मी फक्त घामाघूम होतो.

कारण तुकडा राहिला की नुसता तुकडा राहत नाही. फुंकून झाल्यावर घेतलेला नमुना चांगला आला होता, तापही बरोबर होता. पण तो गोळा तळाशी बसून रसातली उष्णता ओढतच होता. लेडलमध्ये मोजलं तेव्हा ताप हिशेबापेक्षा खाली, वजनात तूट. पुढच्या विभागातून फोन आला. मी म्हणालो, "बघतो." हा शब्द आमच्या कामात फार उपयोगाचा आहे.

पुढची हीट त्या गोळ्यावरच घ्यायची ठरली. घाई करून चालत नाही; तळाशी पातळ मळी असताना तिच्यावर कार्बनने भरलेला रस ओतला तर दोघांची झटापट होऊन भांडं उसळी मारतं. चुना टाकला, नायट्रोजन फुंकून मळी अस्तरावर उडवून थिजवली, भांडं दोनदा डुलवून पाहिलं. भंगार कमी घेतलं, तेही सगळं पातळ. या मधल्या दहाएक मिनिटांत मी ट्रेनीला काकांची गोष्ट सांगितली. सळई, कवच, पेन्सिलीचं टोक, सगळं. तो ऐकता ऐकता मध्येच थांबला आणि म्हणाला, "म्हणजे सर, आता जो रस येईल त्याला परत भूक असेल." मी मान हलवली. रस ओतला गेला तेव्हा आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे होतो, जणू काही दिसणारच होतं. दिसल्या त्या नेहमीच्या ठिणग्या. ज्वाला आधी लालसर, मग पांढरी, मग बसत गेली. भांडं कललं. तळ सगळीकडून सारखा उजळ होता. लेडलचं वजन हिशेबापेक्षा जास्त भरलं, आधीच्या हीटला जितकं कमी पडलं होतं जवळपास तितकंच.

पाळी संपताना नोंदवही माझ्याकडे आली. ट्रेनीने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "आधीच्या हीटचा तुकडा तळाला शिल्लक. या हीटमध्ये रसाने खाल्ला." नोंदवहीत असं लिहीत नाहीत. मी खोडायला पेन टेकवलं आणि तसंच राहू दिलं. शेजारच्या 'कारण' या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नव्हतं. बहुधा माझ्यासाठीच मोकळा सोडला होता. मी लिहिलं: "स्कल न कापता पेटीत घेतला." खाली सही केली, पेटीच्या चिठ्ठीवर होती तीच.